भाचेरावांची लाल पट्टी

“मामा, कोपर गेलं!”

सकाळचे सात वाजले होते. मी दुकानाच्या किल्ल्या शोधत होतो. ही आरोळी ऐकली आणि हातातला चहा शर्टावर सांडला. तसाच ओटीवर धावलो. बघतो तर भाचेराव मांडी घालून बसलेले, दोन्ही कोपरं जागच्या जागी, आणि डोळे मात्र भरून आलेले. समोर लॅपटॉप उघडा.

“कुणाचं कोपर रे?”

“माझ्या डावखुऱ्याचं! बारा महिने खेळणार नाही म्हणे. अजून सीझन सुरूसुद्धा झाला नव्हता, मामा!”

हा डावखुरा हाडामांसाचा माणूस नाही, लॅपटॉपमधला आहे, हे माझ्या ध्यानात यायला पाच मिनिटं लागली. ध्यानात आल्यावर मी हसलो. दोस्तांनो, ते हसणं मला पुढे महागात पडलं, म्हणून तर ही गोष्ट सांगतो आहे.

आमचं हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यात. नाशिकहून गिरणारे, मग वाघेरा घाट अशी वळणं घेत पन्नासेक किलोमीटर आलात की आमचा बाजार लागतो. आणखी पुढे गेलात की गुजरात. इथे माझं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. भाचा नाशिकचा. वय बारा. मधली दोन वर्षं तो आईबाबांबरोबर अमेरिकेत शिकागोला होता. तिथल्या शाळेत क्रिकेट नाही, त्यामुळे पोरगा बेसबॉलचं वेड घेऊन परत आला. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला आला तो आंबे, जांभळं सोडून लॅपटॉपला चिकटला.

तो खेळत होता तो खेळ चेंडू मारण्याचा नव्हता, व्यवस्थापकाचा होता. म्हणजे एक अख्खा संघ आपल्या ताब्यात. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, कुणी किती चेंडू टाकायचे, एवढंच आपण ठरवायचं आणि बटण दाबायचं. सामना संगणक खेळतो आणि निकाल सांगतो. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक बारीक पट्टी असते. गडी ताजा असेल तर हिरवी, दमला की पिवळी, आणि अगदीच पिळून निघाला की लाल.

तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांनीही असला खेळ खेळलेला असणार, फक्त लॅपटॉपशिवाय. आम्ही इतिहासाच्या पुस्तकाची पानं फटकन उघडायचो. पान क्रमांकाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आलं की आऊट. अमेरिकेत हॅल रिचमन नावाच्या माणसाने १९६१ साली फासे आणि खेळाडूंची कार्डं घेऊन ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा बेसबॉलचा खेळ विकायला काढला आणि मोठी माणसंही त्याच्या नादाला लागली. आमच्या पुस्तकातल्या क्रिकेटमध्ये मात्र कुणी दमत नसे. माझा कपिलदेव सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच गोलंदाजी टाकायचा. त्याला कधी तहानसुद्धा लागली नाही.

बेसबॉलमध्ये गोलंदाजाला पिचर म्हणतात. आपल्या गोलंदाजाला लांबून धावत येता येतं. पिचर उंचवट्यावर जागच्या जागी उभा राहून, ६० फूट ६ इंचांवरून, टप्पा न पाडता चेंडू फेकतो, तोही ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. तो सगळा पीळ खांद्यावर आणि कोपरावर येतो. तिथल्या मोठ्या स्पर्धेत एकेका संघाला सहा महिन्यांत १६२ सामने खेळायचे असतात! म्हणून संघात सुरुवातीला टाकणारे पाच पिचर असतात. साधारण पाच दिवसांतून एकदा एकेकाची पाळी.

फेब्रुवारीत शिकागोला बर्फ असतं. तेव्हा सगळेच्या सगळे ३० संघ गरम मुलखात उतरतात. १५ संघ अॅरिझोना राज्यात, १५ फ्लॉरिडात. भाचेरावांचा आवडता संघ कब्ज, तो अॅरिझोनातल्या मेसा गावी जातो. आमच्याकडची माणसं शेतीची कामं संपली की द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, तसं काहीसं. (मजुरीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.) तिथे सहाएक आठवडे सराव चालतो. त्याला ते वसंतातला सराव म्हणतात. सामनेही होतात, पण त्यांचे गुण कुठेच धरत नाहीत. ते सामने नुसते अंग मोकळं करायला असतात.

भाचेरावांना हे सगळं तोंडपाठ होतं. फक्त हरायची सवय नव्हती. सरावाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी लाडक्या डावखुऱ्याकडून सात डाव टाकून घेतले. जिंकले. तीन दिवसांनी परत सात. परत जिंकले. पट्टी पिवळी झाली होती, मग लाल झाली होती, पण जिंकणारा माणूस पट्टीकडे कुठे बघतो? तिसऱ्या सामन्यात पडद्यावर लाल फुली आली आणि माझा चहा सांडला.

“कोपर म्हणजे खरंच बारा महिने?” मी विचारलं.

“ऑपरेशन करावं लागतं. टॉमी जॉन ऑपरेशन.”

टॉमी जॉन हे डॉक्टरचं नाव नाही, पेशंटचं आहे, हे मला त्याने सांगितलं. टॉमी जॉनही डावखुराच. १९७४ मध्ये सामना चालू असताना त्याच्या डाव्या कोपराच्या आतला स्नायुबंध तुटला. तोवर असं झालं की पिचरचा खेळ संपलाच म्हणून समजायचं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला एक कंडरा काढला आणि डाव्या कोपरात, हाडाला भोकं पाडून ओवला. आपण तुटलेल्या बाजेला दुसरी सुंभाची दोरी ओवतो तसा. १९७५ चं सगळं वर्ष तो घरी बसला आणि १९७६ मध्ये परत आला. त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले आणि ४६ वर्षांचा होईपर्यंत खेळत राहिला. गोष्ट छान आहे. पण एवढ्या छान गोष्टीतसुद्धा एक वर्ष गेलंच.

भाचेरावांनी मात्र वर्ष घालवलं नाही. नाक पुसलं आणि जुनी जपून ठेवलेली फाईल उघडली. पडद्यावर पुन्हा फेब्रुवारी महिना. डावखुरा पुन्हा ठणठणीत, पट्टी हिरवीगार.

“हे बरं आहे की!” मी म्हटलं आणि दुकानात गेलो.

या वेळेला त्याने वहीत तक्ता आखला. पहिल्या सामन्यात डावखुऱ्याने दोनच डाव टाकायचे, चेंडू तीसच्या आत. पुढच्या पाळीला एक डाव जास्त, म्हणजे पंधराएक चेंडू अधिक. असं करत मार्चअखेर नव्वदीला पोचायचं. खरे संघ साधारण असंच करतात म्हणे. परिणाम असा की सरावाच्या पहिल्या आठ सामन्यांपैकी पाच भाचेराव हरले. दात-ओठ खात हरले. डावखुरा झकास टाकत असायचा, आणि तीस चेंडू झाले की हे त्याला बाहेर काढायचे.

“अरे, चांगला टाकतोय तर राहू दे ना,” मी एकदा न राहवून म्हणालो.

“मामा, चांगला टाकतोय म्हणूनच तर काढायचा.”

आमची आई, म्हणजे भाचेरावांची आजी, नागली पाखडत होती. तिला बेसबॉल कळत नाही, पण कान तिकडे होते. ती म्हणाली, “बरोबर बोलतोय पोरगा. उन्हाळाभर बैल बसून राहतो. पयल्या पावसाला त्याला दिसभर नांगराला जुपलं तर खांदा येतो. पयल्या दिशी दोन तासं, मंग सोडायचा. बैल काय बोलून दाखवतो का दमलो म्हून? वढीतच ऱ्हातो तो.”

बैलाच्या मानेवर जूं घासून सूज येते त्याला खांदा येणं म्हणतात. एकदा खांदा आला की ऐन पेरणीत बैल खुंट्याला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे लोण्या-हळदीने मळतो, ते काही उगाच नाही.

हे सगळं मी ऐकलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मुलीला उठवलं. “चल ताई, आज घाट.”

ताई म्हणजे माझी मुलगी. भाच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी म्हणून ताई, आणि आता सगळं घरच तिला ताई म्हणतं. तेव्हा ती नववीत जाणार होती. धावते. पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धा होतात, त्यात तीन हजार मीटरला उतरायचं तिने ठरवलं होतं. ठरवलं तिने, पण कंबर कसली मी. मे महिन्याचे चार आठवडे हातात होते. आमचा वसंतातला सराव म्हणा ना!

आमच्या भागात पळण्याचं वेड आहे आणि ते असायला सबळ कारण आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत! नाशिकला विजेंद्रसिंग यांच्याकडे तिने वर्षानुवर्षं सराव केला. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरला कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक घेणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात चीनमधल्या ग्वांगझूच्या एशियाडमध्ये दहा हजारला रौप्य आणि पाच हजारला कांस्य. २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आमच्याकडे प्रत्येक बापाला आपल्या मुलीच्या पायात ती एक्स्प्रेस दिसते. मलाही दिसत होती.

आणि खरं सांगायचं तर मला आणखी एक जण दिसत होता. मी स्वतः. मीही नववीत असताना पळायचो. जिल्ह्याच्या शर्यतीसाठी निवड झाली तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. शिकवणारे म्हणाले, रोज शाळेच्या मैदानाला वीस फेऱ्या. मी मनाने वर आणखी घाट जोडला. पायात कॅनव्हासचे बूट, तेही मोठ्या भावाचे. शर्यतीच्या आधी दहा दिवस डावी नडगी दुखायला लागली. मी कुणालाच बोललो नाही. बोललो असतो तर काढून टाकलं असतं ना! नाशिकच्या मैदानावर तिसऱ्या फेरीत पाय टेकवेना. हाडाला केसाएवढी चीर गेली होती. दीड महिना प्लास्टर. त्यानंतर मी शर्यत म्हणून धावलोच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ज्याचा स्वतःचा पाय असा मोडला तो मुलीच्या बाबतीत किती जपेल! मलाही तसंच वाटत होतं. मी तिला चांगले बूट घेतले. तिला केळी, अंडी सुरू केली. तिच्या सरावाची वही ठेवली. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास. दुसऱ्यात पाऊण तास. तिसऱ्यात तास, तोही घाट धरून. वही इतकी सुरेख होती की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दुकानात दाखवायचो.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका संध्याकाळी भाचेरावांनी ती वही मागितली. मला वाटलं, कौतुक करेल. तो बराच वेळ पानं मागे-पुढे करत राहिला. मग रंगपेटी आणली आणि माझ्या सुरेख वहीत, प्रत्येक दिवसापुढे एक पट्टी रंगवायला लागला. हिरवी, हिरवी, हिरवी, पिवळी, पिवळी. शेवटचे चार दिवस लाल.

“हे कुणी सांगितलं तुला?” मी विचारलं.

“ताईने. मी रोज रात्री तिला विचारतो, दहापैकी किती दमलीस. ती खरं सांगते. तुला नाही सांगत.” मग थोडा थांबून म्हणाला, “मामा, ताईची जुनी फाईल आहे का तुझ्याकडे?”

मी काहीच बोललो नाही. ताईला हाक मारली. ती आली आणि दारातच उभी राहिली.

“पाय दुखतो का गं?”

“नाही बाबा.”

“खरं सांग.”

“थोडासा. पळायला लागलं की जातो. तुम्ही काळजी करू नका.”

तिची आई आतून म्हणाली, “थोडासा कसला! आठ दिवस झाले, पायरी उतरताना भिंत धरते पोरगी. मी सांगत होते तुम्हाला.” ती खरंच सांगत होती. मी म्हणायचो, नवीन बूट आहेत, सवय होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही तिघं नाशिकला गेलो. भाचेराव वहीसकट. डॉक्टरांनी ताईच्या नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत वरून खाली नेला. “एकाच जागी टोचल्यासारखं दुखतं, की सगळ्या कडेने?” सगळ्या कडेने, ती म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली. एकाच बिंदूवर दुखलं असतं तर चिरेचा संशय, आणि ती चीर सुरुवातीला एक्स-रेमध्येसुद्धा बरेचदा दिसत नाही म्हणे. सगळ्या कडेने म्हणजे हाडावरच्या आवरणाला सूज. “अजून हाड तुटलेलं नाही. पण त्याच रस्त्याला लागलं होतं.”

मग त्यांनी भाच्याला हाड कसं वागतं ते समजावलं. मला नव्हे, भाच्याला, कारण प्रश्न तोच विचारत होता. हाड म्हणजे दगड नाही, जिवंत असतं. त्याच्यावर नवा भार पडला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवा, पक्का भरतं. घराची भिंत दुरुस्त करताना आधी जुना गिलावा पाडतात, तसं. पाडायचं काम लवकर होतं, भरायला वेळ लागतो. त्यामुळे सराव वाढवल्यावर मधले काही आठवडे हाड उलट कच्चं असतं. तेव्हा विश्रांती मिळाली तर ते आधीपेक्षा घट्ट होतं. नाही मिळाली तर… “तर कोपर,” भाचेराव म्हणाले.

डॉक्टर हसले. बेसबॉलचं कळल्यावर त्यांनाही रंग चढला. मग बुमराहचा विषय निघाला. २०२५ मध्ये इंग्लंडला पाच कसोटी होत्या, त्यातल्या तीनच त्याने खेळायच्या हे आधीच ठरलं होतं, आणि तो तीनच खेळला. तेव्हा दुकानाच्या कट्ट्यावर बसून आम्ही सगळ्यांनी त्याला नावं ठेवली होती. ज्याच्या पाठीवर आधीच एकदा शस्त्रक्रिया झालेली आहे, त्याच्या पाठीचा हिशेब आम्ही चहा पिता पिता मांडत होतो!

“शिकागोला आमच्या टीममध्ये एक आजोबा नुसते मोजायला बसायचे,” भाचा म्हणाला. “हातात टिकटिक करणारं यंत्र. अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी दिवसाला ८५ च्या वर चेंडू टाकायचे नाहीत. आणि ६६ च्या वर टाकले की चार दिवस सुट्टी.”

“मग इथे ताईचे आजोबा तू हो,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याला एक सोपी रीत शिकवली. अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर या संशोधकाने ती रूढ केली. किती मिनिटं श्रम झाले ते लिहायचं. किती जड गेलं ते खेळणाऱ्यानेच दहापैकी सांगायचं. दोन्हींचा गुणाकार करायचा. झाला त्या दिवसाचा भार. तो आठवड्याला एकदम वाढू द्यायचा नाही. बस्स, एवढंच.

एस.टी.त भाचेरावांनी हिशेब सुरू केला. पहिला आठवडा: रोज ३० मिनिटं, दहापैकी ५. म्हणजे १५०. सहा दिवसांचे ९००. दुसरा आठवडा: ४५ गुणिले ७, रोज ३१५, सहा दिवसांचे १,८९०. दुपटीहून जास्त! तिसरा: ६० गुणिले ८, रोज ४८०, आठवड्याचे २,८८०. माझी सुरेख वही गिरणारे येईपर्यंत गुन्हेगार ठरली होती.

वाघेरा घाट चढताना त्याने विचारलं, “ताई, आणखी काय काय करतेस दिवसभरात? चालणं, उचलणं, काहीही.”

ताई म्हणाली, “काही नाही रे. पाणी आणते फक्त.”

मुलांनो, मे महिन्यात आमच्या आळीतला नळ नावापुरता असतो. पाणी विहिरीवरून. उतरून जायचं आणि भरलेली कळशी कमरेला, हंडा डोक्यावर घेऊन चढून यायचं. आई आणि ताई, सकाळी एक खेप, संध्याकाळी एक खेप.

“एका खेपेला किती वेळ?”

“पंचवीस मिनिटं लागतात.”

“दहापैकी?”

तिने विचार केला. “पाच.”

२५ गुणिले ५, म्हणजे १२५. दोन खेपांचे २५०. आठवड्याचे सातही दिवस, कारण पाण्याला रविवार नसतो. १,७५०. पहिल्या आठवड्यातल्या पळण्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं. वर मागच्या आठवड्यात चुलत बहिणीच्या हळदीला दोन तास नाचली होती, १२० गुणिले ४, तेही ४८०. तिसऱ्या आठवड्याची एकूण बेरीज ५,११० आली. भाच्याने तो आकडा दोनदा तपासला आणि मग लाल रंगाने त्याच्याभोवती चौकोन काढला.

मी खिडकीबाहेर बघत बसलो. “हंडे वाहून वाहून आमच्या पोरींचे पाय घट्ट होतात,” हे वाक्य मी दुकानात किती वेळा ऐकवलं होतं! गंमत म्हणजे माझ्या स्वतःच्या नववीच्या दिवसांत मी कधी हंडा उचलला नव्हता. ते काम माझ्या बहिणीचं होतं. म्हणजे या भाचेरावांच्या आईचं. तीही शाळेत चांगली पळायची, हे मला तेव्हा घाटात आठवलं.

तीन आठवडे पळणं बंद झालं. ताई रडली. शेजारची सायकल आणून हळूहळू चालवायला परवानगी होती, तेवढ्यावर समजूत काढली. पाण्याचं काम मी घेतलं. पहिल्या दिवशी मोटारसायकलला दोन वीस-वीस लिटरचे कॅन बांधून विहिरीवर गेलो तेव्हा सगळ्या बायका रहाट सोडून बघायला लागल्या. “काय हो, दुकान चालेना का?” एकीने विचारलं. गाडी विहिरीपर्यंत जात नाही, शेवटचा चढ हातानेच न्यावा लागतो. कॅनची कडी बोटांत रुतते. घरी आलो तर भाचेराव वही घेऊन तयार.

“मामा, दहापैकी?”

“आठ!”

“ताई पाच म्हणाली होती.” त्याने लिहून घेतलं. पुढचा महिनाभर माझ्या नावापुढेही पट्टी होती.

भाचा जूनमध्ये परत गेला, पण जाताना वही ताईच्या ताब्यात देऊन गेला, माझ्या नाही. मग तिने पहिल्यांदा पाच मिनिटं चालणं, एक मिनिट पळणं असं सुरू केलं. मला बघवत नसे. शेजारपाजारच्या मुली धो धो पावसात फेऱ्या मारतायत आणि ही आपली चालतेय. दोनदा मी म्हणालो, “आज बरं वाटतंय ना, मग दोन फेऱ्या वाढव.” दोन्ही वेळा तिने वही पुढे केली. एकदा शाळेत वर्षासहल होती, गड चढून आली, तर दुसऱ्या दिवशी स्वतःहून पळणं कमी केलं. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये तालुक्याची शर्यत झाली. मैदानात घोट्याएवढा चिखल. पहिल्या दोघी जिल्ह्याला जाणार होत्या. ताई तिसरी आली. शेवटच्या शंभर मीटरमध्ये ती दुसरीच्या अगदी पाठीशी होती, आणि मी कुंपणाशी उभा राहून काय काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या तीन आठवड्यांत पळली असती तर दुसरी आली असती का? मी हा हिशेब रात्री बऱ्याचदा मांडला आहे. जमत नाही.

घरी आल्यावर तिने पाय धुतले, वही काढली, मिनिटं लिहिली आणि पुढे दहापैकी नऊ असा आकडा टाकला. “पाय?” मी विचारलं. “पाय शून्य,” ती म्हणाली आणि दोन पायऱ्या एकदम उतरून अंगणात गेली.

संध्याकाळी भाचेरावांचा फोन आला. तिसरी आली म्हटल्यावर त्याने एक सुस्कारा सोडला. त्याचा डावखुरा सीझनच्या मध्यावर आला होता, पट्टी हिरवी, पण संघ खालून दुसरा.

“बरं मामा,” तो म्हणाला, “शर्यतीच्या दिवशी सकाळी पाणी कुणी आणलं?”

“कुणीच नाही रे,” मी म्हटलं. “पाऊस कोसळतोय. पन्हाळीखाली पिंप लावलंय.”